मंगळावरचा पाहुणा आणि आमचे वैरागडे मास्तर

आम्ही कारंज्याच्या शाळेतले जुने मास्तर लोक पूर्वी लग्नाकार्यात भेटायचो, आता बहुतेक मौतीतच भेटतो. पण कुठंही भेटलो तरी अर्ध्या तासात कोणीतरी म्हणतंच, "वैरागडे असते तर काय म्हणाले असते?" आणि मग एकेक निघत जातं. एक जण सांगायला लागतो, दुसरा "तसं नाही, असं झालं होतं" म्हणून दुरुस्त करतो, तिसऱ्याला त्यावरून भलतंच आठवतं. हे किस्से कोणी मुद्दाम जमवलेले नाहीत. पत्र्याच्या खोलीत पाच मास्तर रोज एकत्र डबे उघडायला लागले की ते आपोआप साचतात.

वैरागडे आमचे सायन्सचे मास्तर. वर्धा जिल्हा मध्यप्रदेशात होता, तेव्हा नागपूरहून बी. एस्सी. होऊन आले. उंच, जरासे वाकलेले, धोतरावर कोट, आणि कोटाच्या खिशात नेहमी कसलं तरी हाड नाहीतर दात. मी भाषेचा मास्तर, काळे. शाळेच्या आवारातच आमची दोघांची क्वार्टरं, भिंतीला भिंत लागून.

*

त्यांचा पहिलाच तास. आठवीचा वर्ग, धडा सस्तन प्राण्यांचा. मास्तरांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "समजा, मंगळावरून एक पाहुणा आला. त्यानं आजवर माणूस पाहिलेला नाही. तो आपल्याकडं बघून वहीत काय काय लिहील? त्याला आपल्यात काय विचित्र वाटेल?"

मागच्या बाकावरचा एक पोट्टा हळूच उभा राहिला.

"गुरुजी, तो जेवून आला काय?"

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'विचित्र गोष्ट क्रमांक एक : अनोळखी माणसालाही आधी जेवणाचं विचारतात.' त्या दिवसापासून मंगळावरचा पाहुणा आमच्या शाळेत रोज यायला लागला!

*

महिनाभरात एका पालकाची तक्रार आली. वर्गात मुली बसतात आणि हा मास्तर दुधाच्या, पाजण्याच्या गोष्टी करतो म्हणून. हेडमास्तर भला माणूस, पण भित्रा. त्यांनी वैरागड्यांना बोलावलं.

"मास्तर, धडा शिकवा. फक्त तेवढा शब्द टाळा."

वैरागडे अगदी नम्रपणे म्हणाले, "सर, सस्तनमधून तेवढा शब्द काढला तर नुसता 'स' उरतो. मुलांना 'स प्राणी' शिकवू का?"

*

दुसरी तक्रार घेऊन तर गावातले एक मोठे शेतकरी स्वतःच आले. मास्तरांनी वर्गात सांगितलं होतं की फार फार पूर्वी पृथ्वीवर मोठमोठ्या सरड्यांचं राज्य होतं, आणि आपले तेव्हाचे पूर्वज चिचुंद्रीएवढे, बिळात लपून राहणारे होते. सरडे मेले म्हणून आपल्याला बाहेर पडता आलं. नाहीतर मंगळावरच्या पाहुण्याला दारात सरडाच भेटला असता.

"आमच्या घराण्याले चिचुंद्री म्हनून राह्यला काय, मास्तर?"

"तुमच्या एकट्याच्या नाही हो, माझ्याही."

"तुमच्या असन! आमच्या घराण्यात चिचुंद्री नव्हती!"

मास्तरांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "पाटील, एवढासा जीव, चहूकडं त्याला खाणारे. तरी त्यानं पोरं पोटाशी धरून वाचवली. मला तर त्या चिचुंद्रीचा अभिमान वाटतो."

पाटलांनी ग्लास खाली ठेवला. त्यांची दोन लेकरं देवीच्या साथीत गेली होती, हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. जाताना दारातून वळून ते एवढंच म्हणाले, "तिले जमलं म्हना."

*

आमचा चपराशी गुलाब. घंटा देऊन झाली की तो वर्गाच्या खिडकीत उभा राहून मास्तरांचा तास ऐकायचा. एकदा मास्तर सांगत होते, आपल्या सगळ्या गोतात, गाय घ्या, कुत्रा घ्या, वाघ घ्या, प्रत्येकाच्या अंगावर केस. आपणच तेवढे उघडे! पाहुण्याला वाटेल, याला कोणी सोलून ठेवलं की काय?

दुपारी गुलाबानं त्यांना गाठलं. "गुरुजी, सर्वाइले केस देल्ले, मंग आपल्यालेच काऊन नाई?"

"होते रे आपल्यालाही. पण उन्हात शिकारीमागं पळायचं तर अंगाला घाम यायला पाहिजे. म्हणून हळूहळू गेले."

थंडीचे दिवस होते. गुलाबाच्या अंगात कोपरावर फाटलेला सदरा. तो कोपर झाकत म्हणाला, "पळनं संपल्यावर वापस द्याले पाह्यजे होते."

*

सीता मडावी त्याच वर्गात होती. गावाबाहेरच्या गोंडांच्या टोल्यावरून, म्हणजे वस्तीवरून, रोज पायी यायची. घरात गोंडी बोलायचे, त्यामुळं मराठी शब्द जपून, एकेक पाय टाकावा तसा टाकायची. टोल्यावरची आठवीपर्यंत आलेली ती पहिलीच पोरगी.

मास्तर म्हणाले, "गाईचं वासरू तासाभरात उभं राहतं. माणसाचं पोर वर्षभर उभं राहत नाही. आपलं डोकं मोठं, म्हणून आपण जरा कच्चेच जन्मतो. पाहुणा म्हणेल, इतका लाचार प्राणी टिकला तरी कसा?"

सीतेनं हात वर केला. वर्षभरात पहिल्यांदा.

"गुरुजी, मायी माय गेली तं मले रुक्मा बाईनं वागवलं. मायी मोठी बहीन. ते बी लहानच होती. मी तिच्या कडेवरच होतो म्हने. मले पाय आहेत हे लोकाइले लय उशिरा समजलं!"

पोरं हसली. मास्तर म्हणाले, "पाहुण्याला मिळालं उत्तर." आणि त्या दिवशी त्यांनी पुढं काही शिकवलंच नाही.

*

रशियानं आकाशात कुत्री सोडली, ती बातमी आमच्याकडं दुपारच्या मोटारीनं आली. वैरागडे पेपर घेऊन धावतच वर्गात शिरले. मीही मागोमाग गेलो. असं खुललेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "अरे, इतके दिवस आपण पाहुण्याची वाट पाहत होतो. आता आपल्यातलंच कोणी तिकडं निघालं! त्याला भेटणारा आपल्याकडचा पहिला जीव माणूस नाही, कुत्री असेल!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग सीतेनं विचारलं, "वापस केव्हा येते, गुरुजी?"

मास्तरांनी पेपर पुन्हा चाळला. वाचलेलंच वाचलं. खोटं बोलता येत नव्हतं त्यांना.

"परत आणायची सोय नाही केली, बेटा."

खिडकीतून गुलाब म्हणाला, "तिले सांगतलं होतं काय?"

*

त्याच हिवाळ्यात वैरागड्यांच्या पत्नी कमल वहिनी बाळंत झाल्या. लग्नानंतर नवव्या वर्षी. वहिनी आर्वीकडच्या, ठसठशीत बोलणाऱ्या. नऊ महिने त्यांच्या घरातून हसण्याचे आवाज भिंतीपलीकडं आम्हाला ऐकू येत होते. मुलगा झाला, पण रडला नाही. दाईनं पालथा केला, पाणी मारलं, काही झालं नाही. बायकांनी फडक्यात गुंडाळून बाहेर दिला. आईनं पाहू नये म्हणतात, म्हणून वहिनींना दाखवलासुद्धा नाही.

चौथ्या दिवशी मास्तर शाळेत आले. मी वर्गात आधीच जाऊन बजावलं होतं, कोणी काही विचारायचं नाही. त्यांनी फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं, खाली रेघ ओढली आणि खडू धरून तसेच, वर्गाकडं पाठ करून उभे राहिले. किती वेळ, देव जाणे.

शेवटी जेवणाचं विचारणारा तोच पोट्टा उठला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "गुरुजी, आज त्या पाहुन्याले येऊ नको म्हना."

*

पुढच्या दोन-तीन दिवसांतली गोष्ट. मी, माझी बायको आणि मास्तर वहिनींपाशी बसलो होतो. मागच्या अंगणात ऊन होतं, म्हणून त्यांना बाजेवर बाहेर बसवलं होतं. वहिनी बोलत नव्हत्या. छातीला घट्ट पट्टा बांधलेला, दूध आटावं म्हणून. त्याचा ठणका लागला की डोळे मिटायच्या.

तेवढ्यात कुंपणाच्या चिंचेवर वानरांचा कळप उतरला. त्यातल्या एका मादीनं पोटाशी पिल्लू धरलं होतं. जरा वेळानं ध्यानात आलं, पिल्लाची मान लोंबत होती. मेलेलं होतं. मरून चार दिवस तरी झाले असावेत. ती एका हातानं फांदी धरायची, दुसऱ्या हातानं त्याला सावरायची, मधेच त्याच्या अंगावरच्या माश्या हाकलायची.

मास्तर दगड घेऊन उठले. वहिनींना ते दिसू नये एवढंच त्यांच्या मनात.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. त्या दिवसांतलं त्यांचं पहिलं बोलणं. "तिच्याजवळून अजून कोनी घेतलं नाई. पाहू द्या तिले पोटभर."

मास्तरांनी दगड खाली ठेवला.

*

आणि हा एक. हा सांगताना कोणी कोणाला दुरुस्त करत नाही.

यात एक तान्हं पोर येतं, ते जगलं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ऐकताना जीव टांगणीला नको. सात महिने ते मास्तरांच्या क्वार्टरात होतं. मग बाप येऊन घेऊन गेला. पुढं दर पोळ्याला त्या पोरीला वहिनींकडं आणायचे. आता तिलाच नातवंडं आहेत. गोंडाचं लेकरू घरात घेतलं म्हणून गावातल्या तीन घरांनी वहिनींना हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं. वहिनींनी तो विषय कधी काढला नाही.

सीता चार दिवस शाळेत आली नव्हती. पाचव्या दिवशी दुसऱ्या तासाला आली ती फडक्याचं गाठोडं घेऊन. येऊन आपल्या जागेवर बसली. मास्तर जवळ गेले. गाठोड्यात तीन दिवसांची पोर होती. रुक्मा बाळंतपणात गेली होती. तिचा नवरा दूर जंगलात लाकूडतोडीवर, त्याला निरोप पोचायचा होता. टोल्यावर त्या वेळी दुसरी कोणी पाजणारी नव्हती. शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं घालून पाहिलं होतं, ते टिकत नव्हतं.

"घरी आजाच हाये, त्याले दिसत नाई," सीता म्हणाली. "म्हनून इथं घेऊन आलो. गुरुजी, आता हे रडत बी नाई."

मी व्हरांड्यात होतो. मास्तर पोर घेऊन बाहेर आले, मागं सीता. मला म्हणाले, "काळे, चला." बस्स, एवढंच. मैदान ओलांडून आम्ही क्वार्टरात गेलो.

वहिनी बाळंतपणानंतर त्या दिवशी पहिल्यांदाच कामाला लागल्या होत्या. ओट्यावर बसून सुपात ज्वारी निवडत होत्या. मास्तर समोर जाऊन उभे राहिले.

"कमल..."

वहिनींनी गाठोड्याकडं पाहिलं. मग सीतेच्या धुळीनं भरलेल्या पायांकडं.

"किती दिवसाचं?"

"तीन," सीता म्हणाली. "मायी बहीन..."

"समजलं वं मले."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. हात पदराला पुसले, पोर घेतली, आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

आम्ही तिघं ओट्यावर बसलो. आतून पट्टा सोडल्याची चाहूल आली. मग काहीच नाही. मास्तरांनी माझं मनगट धरलं होतं, ते दुखायला लागलं तरी मी हलवलं नाही. सीता दाराच्या फटीकडं बघत होती. आणि मग आतून अगदी बारीक आवाज यायला लागला, चुटूचुटू, थांबून थांबून. मास्तरांनी मान खाली घातली.

तेवढ्यात कुंपणापलीकडच्या घरातल्या काकू बादली घेऊन अंगणात आल्या. त्यांनी सीतेला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बंद दाराकडं पाहिलं, आणि मोठ्यानं विचारलं, "काऊन वं कमल, लेकरू कोनाचं व्हय?"

सीतेनं पाय पोटाशी ओढून घेतले.

काकूंनी बादली खाली ठेवली. "मी काय विचारून राह्यली? कोनाचं व्हय ते?"

दाराआडून वहिनी म्हणाल्या, "उपाशी व्हय, काकू."