तुरीच्या खुंटांवर मोजलेली बांधी

शामकलाबाई मेश्राम तिरोड्याजवळच्या गावात एकतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्या. "सूत्र पाठ आहे ना? मग ते म्हणते काय, ते सांग," या त्यांच्या प्रश्नाला घाबरत अर्धं गाव मोठं झालं.

२००६ च्या माघात धाकटा भाऊ सेवकराम खुशीत आला. सोबत शेजारचा श्यामलाल.

"बाई, उद्या कागद करून राहिलो. माही चौकोनी बांधी श्यामलालले, त्याची नहराजवळची तिकोनी मले."

"काऊन?"

"मोठी आहे ना! धुऱ्यावरचे तुरीचे खुंट मोजले. हाताहातावर एक. माह्या चारी बाजू साठ-साठ, म्हणजे दोनशे चाळीस. त्याचे भरले दोनशे सत्तर!"

बांधी म्हणजे धानाचं शेत. तिच्या धुऱ्यावर, कडेच्या मातीच्या बांधावर, तूर लावायची आणि खुंट मोजून बांधीचा अंदाज बांधायचा, हे काही एकट्या सेवकरामचं डोकं नव्हतं. पण त्याच्या घरचा वर्षाचा तांदूळ त्या एकाच बांधीतून यायचा. शामकलाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"तिकोन्याच्या बाजू सांग."

"एकशे तीस, ऐंशी, साठ."

"ऐंशी अन् साठ एकशे चाळीस. सरळ गेलं तर एकशे तीस. वळसा घालूनही दहाच हात जास्त! अरे, त्या बांधीले पोट तरी असन का?"

बाईंनी दोनशे सत्तरच्या दहाव्या हिश्शाचं, सत्तावीस हात दोराचं वेढं केलं, अंगणातल्या खाटेभोवती टाकलं आणि तिघांनी तीन कोपरे धरले. नऊ-नऊ हातांच्या बाजू झाल्या. आत खाट ऐसपैस मावली. मग बाईंनी बाजू तेरा, आठ आणि सहा करायला लावल्या. दोर खाटेला येऊन अडला.

"दोर तेवढाच ना? मग खाट काऊन मावत नाही?"

"चपटं झालं," सेवकराम पुटपुटला.

बाईंनी कोळशाने फरशीवर मांडलं. "तिन्ही बाजूंच्या बेरजेचं अर्धं, एकशे पस्तीस. त्यातून एकेक बाजू वजा केली, की पाच, पंचावन्न, पंच्याहत्तर. चारही गुणायचे अन् वर्गमूळ काढायचं. यातला पाच म्हणजे तुह्या दहा हातांच्या वळशाचं अर्धं. तो शून्य झाला तर सगळंच शून्य. बांधी गायब, नुसता धुरा!"

उत्तर आलं सोळाशे एकोणसत्तर चौरस हात. सेवकरामची चौकोनी होती छत्तीसशे.

सेवकरामने फरशीवरचे आकडे बोटाने पुन्हा जुळवून पाहिले. श्यामलालने मात्र कपाळावर हात मारला. "म्हणजे म्याडम, वीस साल झाले, धान कमी होते म्हणून मी बियाण्याले कोसून राहिलो! अन् घरवालीले, गीतेले बी!"

"बियाण्याचं जाऊ दे. घरी जाऊन पयले गीताबाईची माफी माग."

कागद झाला नाही. पुढच्या माघात श्यामलाल धुऱ्यावरच्या तुरीची पिशवी घेऊन दारात उभा राहिला.

"धानाचं सोडा म्याडम. धुरा तर माहाच मोठा आहे ना?"

शामकलाबाईंनी हसत सूप पुढे केलं.