नॅथनरावांचं गृहीतक

नॅथन साळवेशी बोलायचं तर आधी वकील करावा, असं नागापूरच्या त्या कारखान्यात सगळे म्हणायला लागले, ते त्याने एमबीएच्या सीईटीचा अभ्यास सुरू केल्यापासून. तोवर तो साधा, कामाचा सुपरवायझर होता. जुने मॅनेजर निवृत्त होणार होते. ते एमबीए होते, म्हणजे पुढचाही एमबीएच लागणार. कारखान्यात दुसरं कुणी एमबीएच्या वाटेला जात नव्हतं, तेव्हा खुर्ची आपलीच, असं त्याने मनाशी पक्कं केलं. उमेदीची सगळी वर्षं मशीनच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला काचेची केबिन हवीशी वाटली, यात वावगं काहीच नव्हतं.

परीक्षेत तर्काचा एक भाग असतो. चार-सहा ओळींचा उतारा देतात आणि विचारतात, लिहिणाऱ्याने न सांगता काय गृहीत धरलंय? कोणत्या माहितीने त्याचा दावा ढासळेल? सावेडीतल्या क्लासच्या सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "उताऱ्यात आहे तेवढंच जग. बाहेरची माहिती आणायची नाही." नॅथनने ही बायबलातल्या दहा आज्ञांपुढची अकरावी आज्ञा समजून पाळायला घेतली.

मग त्याने गावाचे दावे ढासळवायला सुरुवात केली. नवा कीबोर्ड घेतल्यापासून रविवारच्या भक्तीला गर्दी वाढली, असं चर्चचे पाळकसाहेब कौतुकाने म्हणाले, तर हा दारातच म्हणाला, "तेव्हा मे महिना होता. सुट्टीला आलेले पाहुणे मोजलेत का?" पुढच्या रविवारपासून शास्त्रवाचनाला त्याचं नाव निघेना. घरी बायको, रूथ, म्हणाली की तुम्ही स्कूटर नेली की पेट्रोल संपतं, तर तिला उत्तर मिळालं, "दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही." पेट्रोल अर्थातच रूथने भरलं.

रूथ मिरजगावची. नवऱ्याचं खुर्चीचं गणित ऐकून ती एवढंच म्हणाली, "अहो, पण काकासाहेबांना पोरगा हाय ना?"

काकासाहेब म्हणजे कारखान्याचे मालक. नॅथन हसला. नाकाने कांदे सोलणाऱ्या माणसाचं असतं तसलं हसू. "मुलगा उताऱ्यात कुठंय? ही झाली बाहेरची माहिती."

"मग मालक तरी हाय का तुमच्या उताऱ्यात?"

नॅथनने पुढचा प्रश्न सोडवायला घेतला.

निकाल लागला. तर्काच्या भागात त्याचा एकही प्रश्न चुकला नव्हता. पेढ्यांचा पुडा घेऊन तो काकासाहेबांच्या समोर उभा राहिला. काकासाहेबांनी दोन पेढे उचलले, एक स्वतः खाल्ला आणि दुसरा शेजारी बसलेल्या तरुणाला दिला.

"लई झ्याक काम केलं, नॅथनराव. हा आमचा पार्थ. कालपासनं मॅनेजर म्हणून बसवलाय."

इंजिनिअरिंग रडतखडत पार पाडून आलेला पार्थ पेढा चघळत हसला. कानामागून आला आणि तिखट झाला, तो असा. नॅथन म्हणाला, "पण साहेब, मॅनेजर तर एमबीए..."

"करंल की! पुढच्या साली परीक्षेला बसतोय. त्ये तर्काचं तेवढं त्याला उमगंना. रोज तासभर तुमी घ्या त्याचं. कंपनीच्या टायमात घ्या, पगार कापनार न्हाई."

या बोलण्यातल्या चुका नॅथनला जागच्या जागी दिसल्या. त्याला पुडा टेबलावर आपटावासा वाटला, ओरडावंसं वाटलं. तोंडातून आलं ते, "हो साहेब."

दुसऱ्या दिवशी नॅथन एकदाचा काचेच्या केबिनमध्ये बसला, टेबलाच्या अलीकडच्या बाजूला. बाहेरून मशीनवरची माणसं बघत होती, आणि त्यांच्याकडे मान वर करून बघायची त्याला लाज वाटत होती. पार्थने पहिला उतारा वाचला, डोकं खाजवलं आणि पुस्तक पुढे सरकवलं.

"सर, मला तर यातले सगळेच पर्याय बरोबर वाटतात."

"पार्थसाहेब," नॅथन म्हणाला, "तुमच्यासाठी सगळेच बरोबर आहेत."

पार्थ खूश झाला आणि त्याने पहिल्याच पर्यायावर खूण केली.