सुमनबाईंनी खोडलेला शब्द

मोहफुलांचा वास आधी जिन्यावरून वर आला आणि मग सुमनबाई आल्या. चैत्रातली दुपार होती. सीताबर्डीच्या मागच्या गल्लीतल्या माझ्या एका खोलीच्या कार्यालयात वाळ्याच्या पडद्याचा ओला गारवा आणि बाहेरच्या उन्हाचा पांढरा झोत दारातच एकमेकांना थोपवून धरत होते; त्या दोहोंना बाजूला सारून तो गोडसर, किंचित मादक रानगंध खोलीभर पसरला. पहाटे फुले वेचून, ती अंगणात वाळत घालून, रामटेकच्या पलीकडच्या आपल्या गोंड वस्तीतून दोन एसट्या बदलून त्या आल्या होत्या. वास पदरात तसाच राहिला होता.

सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी लहान संस्थांना अनुदानाचे प्रस्ताव तयार करून देते. कोणत्या रकान्यात कोणता शब्द लिहिला की फाइल पुढे सरकते, हे टेबलाच्या पलीकडे आयुष्य काढल्यामुळे मला पाठ झालेले. सुमनबाई आणि त्यांच्या सोबतच्या दोन बाया वस्तीतली चौदा मुले सांभाळत होत्या. कुणाची आई गेलेली, कुणाचे वडील वीटभट्टीवर गेले ते परतलेच नाहीत. निजायला ती नातलगांकडे जात. जेवण, अभ्यास, दुखणेखुपणे या तिघींकडे. आता त्यांच्या घरचे धान्य पुरेनासे झाले होते, आणि मंजुरी मिळाली नाही तर भावंडे वेगवेगळ्या दूरच्या वसतिगृहांत विखुरणार होती.

मी मसुदा वाचून दाखवू लागले. ‘अनाथ व निराधार आदिवासी बालकांसाठी’ या ओळीशी त्यांनी मला थांबवले.

“हे कोनाले म्हनता, मॅडम?”

“तुमच्याच मुलांना. असं लिहिल्याशिवाय मंजुरी मिळणं अवघड आहे.”

“अनाथ कायचे? कोनी आत्याजवळ हाय, कोनी मामीजवळ हाय. उद्या पोरगी शिकन, हा कागद वाचन, अन् मले इचारन, मी तुमच्यात असून अनाथ काहून लिवलं? तिले मी काय सांगू?”

मुदतीला चारच दिवस उरलेत, असे मी जरा चिडूनच म्हणाले. त्यांनी माझ्या हातातले पेन घेतले आणि, एखादे अक्षर जपून गिरवावे तितक्या सावकाशीने, त्या शब्दावर रेघ ओढली.

मग आधी नाइलाजाने आणि पुढे पुढे विलक्षण कुतूहलाने मी सारे नव्याने लिहायला घेतले. मुलाच्या नावापुढे ‘कोणाजवळ’ असा रकाना आखला. सुमनबाई सांगत होत्या आणि आत्या, मामी, मोठी माय, आजीची बहीण अशी माणसे एकामागून एक कागदावर येऊन बसत होती. खिडकीतले ऊन पिवळे होत भिंतीवर चढत गेले, आणि जिला मी इतकी वर्षे ‘लाभार्थी यादी’ म्हणत आले ती माझ्यासमोर एखाद्या भरल्या घरासारखी दिसू लागली.

प्रस्ताव घेऊन आम्ही दोघी सरकारी कार्यालयात गेलो, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी तो दोनदा चाळला. “यात एकही मूल अनाथ नाही? मग मदत कशाला?”

मी नियमांचा आधार शोधत होते, तोवर सुमनबाई बोलल्या, “सगळ्याइले कोनी ना कोनी हाय, साहेब. पन त्या कोनीच्याच घरी दोन टाइम चूल पेटत नाही.”

अधिकाऱ्यांनी ‘कोणाजवळ’चा रकाना बोट फिरवत वरपासून खालपर्यंत वाचला. “चौकटीत बसत नाही हे,” ते म्हणाले, “पण प्रायोगिक म्हणून शिफारस करून पाहतो.”

मंजुरी आश्विनात आली. तीही एकाच वर्षाची. मुलांचे जेवण आणि औषधपाणी मान्य झाले, बायांचे मानधन नाकारले गेले. मी फोनवर चाचरत ते सांगितले. “पोरं गावातच राहतीन ना? बस मंग. अन् आमचं पुढच्या साली पुन्हा लिवू,” सुमनबाई म्हणाल्या. “तुमी या एकदा आमच्याकडं.”

गेले. धान कापणीला आले होते, हवेत पिकल्या लोंब्यांचा उबदार वास होता. सुमनबाई आत चहा टाकत होत्या आणि अंगणात एक सात-आठ वर्षांची मुलगी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. यादीतल्या चौदांपैकीच एक. पण कोणती, ते मला ओळखता येईना.

“तुमी कोनाच्या?” तिने विचारले.

मी माझे नाव सांगितले. ते तिला पुरले नाही. नागपूरची, म्हणाले. तरीही ती मान वर करून माझ्याकडे बघतच राहिली, एवढ्या सोप्या प्रश्नाला या बाईला इतका वेळ का लागतो आहे याचे नवल करीत. आणि आयुष्यभर लोकांना असलेच प्रश्न विचारून रकाने भरणारी मी, त्या कोवळ्या उन्हात, उत्तर शोधत उभी होते.