सहावी ‘ब’ची शांतता

सहावी ‘ब’ हा मुलुंडच्या त्या शाळेतला सगळ्यात दंगेखोर वर्ग. पण संघमित्राने फळ्याकडे तोंड वळवलं तरी पोरं चूं करत नव्हती. बी.एड.ची इंटर्नशिप नुकती सुरू झालेली. कॉलेजच्या निरीक्षक मॅडम तिचा पाठ बघून म्हणाल्या, “वर्गावर छान पकड आहे हं तुझी!”

संघमित्रा हसली, पण तिला ते पटलं नाही. बी.एड.ला येण्याआधी काही वर्षं ती अंधेरीला कॉल सेंटरमध्ये होती. कुणी वरचा माणूस लाइन ऐकत असला की तिथली बडबडी पोरंही अशीच शहाणी व्हायची. शिवाय इथली मुलं तिच्याकडे बघतच नव्हती. त्यांचे डोळे व्हरांड्याच्या खिडकीकडे.

तिचा संशय वर्गशिक्षिका उत्तराबाईंवर होता. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला आडनाव विचारलं होतं आणि ऐकून नुसतं “बरं” म्हणाल्या होत्या. त्या ‘बरं’चा अर्थ ती अजून लावत होती.

दुसऱ्या दिवशी अपूर्णांक लिहिता लिहिता ती एकदम वळली. खिडकीत उत्तराबाई. ओठांवर बोट, डोळे वटारलेले.

मधल्या सुट्टीत तिने सरळच विचारलं, “मॅडम, तुम्ही खिडकीत का उभ्या राहता?”

“अगं, पोरं तुझी वाट लावतील म्हणून.”

“की मला जमणारच नाही असं वाटतं?”

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. “दोन्ही.”

“मग उद्या येऊ नका.”

“बघ हं. उद्या परत निरीक्षण आहे तुझं.”

बाई खरंच आल्या नाहीत. वर्गात कुणी म्यांव केलं, कुणी कागदी विमान सोडलं. संघमित्रा ओरडली, घसा बसला. मागे निरीक्षक मॅडम भराभर काहीतरी लिहीत होत्या. तेवढ्यात पुढच्या बाकावरची चेतना उठली.

“टीचर, खालचा आकडा मोठा झाला की अपूर्णांक लहान कसा होतो? मला काल पण नव्हतं कळलं.”

“मग काल विचारलं का नाहीस?”

“काल बोलायचं नव्हतं ना.”

संघमित्राने खडू ठेवला आणि खाली पडलेलं ते विमान उचलून उलगडलं. त्या कागदाचे आधी दोन तुकडे केले, मग चार, मग आठ. चार-पाच जण बाक सोडून जवळ आले. बाकीच्यांचा गोंधळ चालूच राहिला.

शेरा आला, ‘वर्गनियंत्रण कमकुवत.’ तिने तो वाचला, खाली सही केली आणि सोमवारच्या पाठासाठी रद्दीतले कागद मागायला शिपायाकडे गेली.