हॉटेलातल्या मिरच्या

शेजारी कुणी तव्यावर सुकट भाजली की मला नांदेडच्या नव्या फ्लॅटमधली ती पार्टी आठवते. आई कंधारहून आली होती. वाळक्या झिंग्यांची सुकट लसूण-तिखटात परतून ती जाड मिरच्यांत भरत होती आणि वास लपवायला मी घरभर अगरबत्त्या लावत होतो. ऑफिसातल्या साहेबांनी मात्र तीन मिरच्या खाल्ल्या आणि विचारलं, "कुणी केल्या?" "हॉटेलातून मागवल्या," मी म्हणालो. दुसरी ताटली घेऊन आई दारातच उभी होती. "कोणतं हॉटेल हो, मावशी?" साहेबांनी तिलाच विचारलं. ताटली ठेवून, मिरच्यांच्या बियांनी भगभगणारी बोटं पदरात लपवत ती म्हणाली, "मला न्हाई ठाव, साहेब. ह्यानंच मागवल्यात." आता मिरच्या मीच भरतो. बोटांची आग आग होते, तरी मी लवकर हात धूत नाही.