स्पिन शिकायची राहून गेली

धाराशिवच्या धावपट्टीवर मी विमान शिकत होते, तेव्हा स्पिन मला फक्त पुस्तकातून माहीत होती. वेग फार कमी झाला की पंखांचा आधार सुटतो, आणि एक पंख आधी खचला तर विमान गरगरत खाली येतं. त्यातून सावरायची कृती मला तोंडपाठ होती. आमचे सर, हवाई दलातून निवृत्त झालेले, म्हणायचे, "आपल्या विमानांना स्पिनची परवानगी नाही." म्हणताना दुसरीकडं बघायचे.

एकदा एकटीच सरावाला गेले. इंजिन मंद करून विमानाचं नाक वर धरलं आणि डावा पंख खचला. समोर आभाळाऐवजी शेतं आली, तीही फिरणारी. मी विमान वळवायचा दांडा उजवीकडं दाबला, पोटाशी ओढला. नेमकं जे करू नये तेच. विमान जास्तच फिरलं. पाठ केलेलं काही आठवेना. शेवटी घाबरून हातच सोडले, आणि ते गरीब शिकाऊ विमान आपोआप सावरलं.

खाली आल्यावर सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"बेटा, हे शेजारी बसून दाखवायला पाहिजे. त्या वेळी हात काय करतात, ते पुस्तकाला कळत नाही."

"मग दाखवा ना, सर."

"त्यासाठी दुसरं विमान लागतं. वरिष्ठांकडं मागणी करून बघतो."

ते विमान आलंच नाही. मी मात्र सरावाच्या दिवशी गावी, ईटला, घरीच राहू लागले. आबांनी, माझ्या वडिलांनी, एकदा विचारलं, "भ्या वाटतं का गं?"

"न्हाय आबा, डोकं दुखतंय."

त्यांनी पुढं विचारलं नाही. माझं शिकणं तसंच विरत गेलं.

आता मी एका विमानतळाच्या कार्यालयात काम करते. मागच्या सुट्टीत दुसऱ्या शहरात, स्पिन चालणाऱ्या विमानात, एका तरुण प्रशिक्षिकेशेजारी बसले. "उजव्या पायाखालचं पेडल दाबा. आता दांडा पुढं," ती शांतपणे म्हणाली. फिरणं थांबलं. थोड्या वेळानं, तिनं हात न लावता, मी स्वतः ते केलं. एवढंच होतं ते. सकाळच्या चहाआधी संपलं.

"पुन्हा शिकायला या की," ती म्हणाली. पण डोळ्यांच्या आजारामुळं वैद्यकीय तपासणीत मी आता बसत नाही.

संध्याकाळी सरांना फोन केला. "सर, स्पिन जमली."

ते म्हणाले, "मी तेव्हा त्या विमानासाठी जास्त भांडायला पाहिजे होतं."

तसं नाही सर, असं म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून ते निघालं नाही.