पर्यायांवर हात ठेवा

माझ्या धाकट्या भावाला विद्यार्थी फुलीसर म्हणतात. प्रवेश परीक्षेत चार पर्यायांतून बरोबर उत्तर कसं काढायचं, हे तो शिकवतो. माझ्या शिवणाच्या दुकानाच्या वरच त्याचा क्लास. आवाज मुळात असा खणखणीत, की मशीन चालू असलं तरी सगळा धडा खाली उतरायचा. मला उद्या परीक्षेला बसवलंत तर मी काही अगदीच भोपळा घेऊन येणार नाही.

त्याचं म्हणणं असं. बरोबर उत्तर शोधत बसू नका, चुकीच्यांवर फुली मारा. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘फक्त’ असं छातीठोकपणे सांगणारा पर्याय दिसला, की त्याच्याकडे संशयानं बघा. येणारे प्रश्न आधी सोडवा, अडलेले दुसऱ्या फेरीला ठेवा. चुकल्यास गुण कापत असतील आणि एकाही पर्यायावर फुली मारता येत नसेल, तर त्या प्रश्नाच्या वाटेला जाऊ नका. दोन उडाले असतील तर मात्र बिनधास्त उत्तर द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रश्न वाचताना पर्यायांवर हात ठेवा. आधी आपलं उत्तर मनात काढा, मगच हात उचला. परीक्षक पर्याय लिहितो तेच तुम्हाला चकवायला.

क्लास उत्तम चालतो. पंचाईत अशी, की हा माणूस घरीही असाच वागतो. बूट घ्यायला गेला तर दुकानातल्या प्रत्येक जोडावर फुली मारून जुन्याच चपला फटफटवत परत येतो. लग्नाचंही तेच. स्थळं आणून आणून मी थकले. एक चांगली शिकलेली मुलगी म्हणाली, मी नेहमी खरं बोलते. ‘नेहमी’ म्हणाली ना, संपला विषय. मी कपाळावर हात मारून घेतला.

क्लासच्या शेजारच्या खोलीत चित्रकलेच्या बाई शिकवायच्या. मध्ये नुसती प्लायवुडची भिंत. एकदा त्यांनी भिंतीपलीकडून सांगितलं, की सर, जरा हळू, आमच्या मुलांची झाडं थरथरताहेत. ज्यानं माझ्या सात पिढ्यांनी सांगूनही आवाज खाली आणला नसता, तो त्या दिवसापासून मांजरासारखा शिकवायला लागला. इथं पाणी मुरतंय, हे मला तेव्हाच कळलं. पुढे दोघं दुपारचा चहा जिन्यात बसून प्यायला लागले. वर्षं गेली, चहा काही पुढे सरकेना. मी विषय काढला की म्हणायचा, अवघड प्रश्न आहे ताई, दुसऱ्या फेरीत बघू.

मग बाईंना दूरच्या शहरातल्या एका शाळेत नोकरी मिळाली. होकार त्याच संध्याकाळपर्यंत कळवायचा होता. दुपारच्या चहाला त्यांनी याला सरळ विचारलं, सर, मी काय करू? आणि आमचा शहाणा ‘बघून सांगतो’ म्हणून माझ्या दुकानात उतरला.

माझा मार्किंगचा खडू घेऊन त्यानं अस्तराच्या तुकड्यावर चार पर्याय लिहिले. जा म्हणायचं. थांबा म्हणायचं. मुदत मागायची. गप्प बसायचं. मग एकेकावर फुली. जा म्हटलं तर त्या जातील. थांबा म्हणणारा मी कोण, एवढी चांगली नोकरी. मुदत शाळेनं दिलीय, ती माझ्या हातात नाही. आणि गप्प तर आजवर बसलोच होतो.

चारही उडाले. तो कापडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, “ताई, प्रश्नच चुकीचा छापलाय.”

मला राग आला आणि त्याहून जास्त त्याची दया आली. मी कापडावर पंजा ठेवून चारही पर्याय झाकले.

“आता सांग, तुझं उत्तर काय?”

“मी त्यांच्याबरोबर जातो,” तो म्हणाला.

हे उत्तर माझ्या हाताखाली कुठेच नव्हतं. आई-वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. त्याच्याही ते लक्षात आलं असावं.

“पण ताई, तुझं काय?”

“तो माझ्या पेपरातला प्रश्न आहे. तू वर जा.”

तो गेला. मी मशीन थांबवून कान लावून बसले, त्यात लाज कसली. पण ज्याचा आवाज एके काळी प्लायवुडलाही जुमानत नव्हता, त्याचा एक शब्द खाली येईना. आला तो बाईंचा. सर, एवढं हळू कशाला बोलताय, मोठ्यानं सांगा.

मग त्यानं मोठ्यानं सांगितलं. जिना उतरणारी त्याच्या क्लासची मुलं जागच्या जागी थांबली आणि समोरच्या दुकानदारानं मान वर करून बघितलं.

मी मशीन चालू केलं आणि डोळे पुसता पुसता बाही उलटी जोडली. उसवायला बराच वेळ गेला, पण त्या दिवशी मला चिडचिड म्हणून झाली नाही.